मागचं चाक, पाच आठवडे, सहा पंक्चर

टणटण_घंटी | 4 ऑक्टोबर, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही रडगाणं गायला.

ऑगस्टच्या शेवटापासून पुन्हा सायकलनं ऑफिसला जायला लागलो. वारजे ते हिंजवडी, बराचसा रस्ता बायपासच्या कडेकडेनं. सायकल साधी हायब्रिड, टायर 700 बाय 35, गेल्याच वर्षी बदललेले. पाच आठवड्यांत मागचं चाक सहा वेळा बसलं. पुढचं एकदाही नाही. परवा तर सकाळी पार्किंगमध्ये गेलो तर सायकल रिमवर टेकलेली. रात्री आलो तेव्हा चाक टणटणीत होतं. वॉचमन म्हणाला, "साहेब, कुणीतरी हवा सोडली असणार." सोसायटीत आपल्यावर जळणारं कुणीतरी आहे या विचारानं क्षणभर बरंही वाटलं.

पंक्चरवाले काका दर वेळी टायरच्या आतून हात फिरवतात आणि म्हणतात, काही सापडत नाही, रस्त्यात लागून निघून गेलं असेल. तीन पंक्चर काढल्यावर ट्यूबच बदलली. तीही चार दिवसांत गेली.

तर जाणकारांनो, काय घेऊ? पंक्चर न होणारा टायर, आत घालायची पट्टी, जेल, की सरळ ट्यूबलेस? बजेट तीन हजार. चौथा हजार मागितला तर घरातून सायकलसकट बाहेर काढतील.

गावठी_गिअर | 4 ऑक्टोबर, रात्री 11:05

स्कूटर घ्या. धागा संपला.

संत्रानगरी | 4 ऑक्टोबर, रात्री 11:20

हिरवं जेल टाका हो. एका ट्यूबला एक बाटली, व्हॉल्व्हमधून पिळायचं, चाक फिरवायचं, विसरून जायचं. माझ्या मुलाच्या सायकलीत दोन वर्षांपूर्वी टाकलंय.

दोनशे_किमी | 4 ऑक्टोबर, रात्री 11:48

@संत्रानगरी, विसरून जायचं हाच त्या जेलचा घोळ आहे. बारीक काट्याचं भोक ते बुजवतं, मान्य. पण भोक मोठं निघालं की आतून हिरवा चिखल बाहेर येतो, रबर बुळबुळीत होतं आणि ठिगळ काही केल्या धरत नाही. एका दोनशे किलोमीटरच्या ब्रेवेत (ठरल्या वेळात पुरी करायची लांब फेरी) माझ्याबरोबरच्या गड्याची अशी ट्यूब गेली. अर्धा तास तो रस्त्याकडेला बसून ट्यूब पुसत होता. दोनशेला साडेतेरा तास असतात, त्यातला अर्धा तास चिखल पुसण्यात.

दुकानातलं_पोर | 5 ऑक्टोबर, सकाळी 7:10

थांबा. काहीही विकत घेऊ नका.

सांगलीत आमच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. दहावीपर्यंत शाळा सुटली की मी घमेल्यापाशी. अण्णांचा एक नियम होता, पंक्चर काढायच्या आधी भोक बघायचं. नुसतं सापडलं म्हणून सोल्युशन लावायचं नाही. ते कुठं आहे आणि कसं आहे हे बघितल्याशिवाय ते आम्हाला ट्यूबला हात लावू देत नसत.

जुनी ट्यूब टाकून दिली नसेल तर दोन्ही ट्यूब घ्या, थोडी थोडी हवा भरा आणि एवढं सांगा. ठिगळं टायरच्या अंगाला आहेत, रिमच्या अंगाला आहेत की कडेला? प्रत्येक ठिगळ व्हॉल्व्हपासून किती लांब? डावीकडं की उजवीकडं? एखाद्या ठिकाणी दोन भोकं शेजारी शेजारी होती का? टेप घेऊन मोजा. अंदाजपंचे दाहोदरसे नको.

टणटण_घंटी | 5 ऑक्टोबर, रात्री 9:31

मोजलं. जेवणाच्या टेबलावर दोन ट्यूब आडव्या आणि मी शिवणकामाची टेप घेऊन. मुलीनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलाय.

पहिली ट्यूब: टायरच्या अंगाला दोन ठिगळं, व्हॉल्व्हच्या उजवीकडे 46 आणि 48 सेंटीमीटरवर. तिसरं लांबट ठिगळ कडेला, तिथे काकांना दोन चिरा दिसल्या होत्या असं आठवतंय.
दुसरी ट्यूब: टायरच्या अंगाला एक डावीकडे 47 वर, एक उजवीकडे 47 वर. आणि एक रिमच्या अंगाला, अगदी बारीक.

काहीतरी शिजतंय असं मलाही वाटायला लागलंय.

दुकानातलं_पोर | 5 ऑक्टोबर, रात्री 10:02

शिजून तयार आहे.

सहापैकी चार पंक्चर एकच आहेत. व्हॉल्व्हपासून 47 सेंटीमीटरवर तुमच्या टायरात काहीतरी रुतून बसलंय. पंक्चर काढताना टायरची एकच कड रिमवरून काढतात, दुसरी जागच्या जागी राहते. म्हणजे टायर रिमवर सरकत नाही, ट्यूबच फक्त बाहेर येते. ती परत घालताना कधी सुलटी जाते, कधी उलटी. सुलटी गेली की भोक उजवीकडं पडतं, उलटी गेली की डावीकडं. अंतर मात्र तेच.

उद्या चाक काढा. व्हॉल्व्हपासून दोन्ही बाजूंना 47 वर टायरवर खडूनं खूण करा. मग बोटानं चाचपू नका. कापसाचा बोळा घ्या आणि आतून हलक्या हातानं दोन्ही दिशांना फिरवा. बोटाला जे लागत नाही ते कापूस धरतो.

राहिली दोन. ती वेगळी आहेत, त्यांच्यावर नंतर बोलू.

चकली | 5 ऑक्टोबर, रात्री 10:15

बापरे, हा तर क्राइम पेट्रोल निघाला. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

टणटण_घंटी | 6 ऑक्टोबर, सकाळी 8:44

सापडली!!!

पहिल्या खुणेवर काही नाही. दुसऱ्या खुणेवर कापूस फिरवला, काही नाही. उलट दिशेनं फिरवला आणि कापसाचा एक तंतू मागे राहिला. मोबाइलची बॅटरी लावून बघितलं तरी दिसेना. बाहेरून टायर दोन्ही अंगठ्यांनी दाबून वाकवला तेव्हा आतून एक टोक चमकलं, केसाएवढं. हातानं धरता येईना. शेवटी नखं कापायच्या कटरनं पकडून ओढलं. तार आहे, सहा-सात मिलीमीटर, एका टोकाला जराशी वाकडी. बाहेरून टायरच्या नक्षीत पूर्ण बुडालेली होती. टायर सैल असला की टोक रबरात लपायचं, मी बसलो आणि खड्डा आला की आत टोचायचं.

आता ती तार काचेच्या बाटलीत ठेवलीय. काकांनाही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि पहिली गोष्ट विचारली, "हे बघायचं कुणी सांगितलं?"

दुकानातलं_पोर | 6 ऑक्टोबर, सकाळी 9:20

काकांचा दोष नाही हो. चाळीस वर्षं टायर ओढून बोटांना घट्टे पडतात, त्यांना असली तार लागतच नाही. अण्णांनाही लागायची नाही, म्हणून तर कापसाचं काम माझ्याकडं होतं.

दोनशे_किमी | 6 ऑक्टोबर, सकाळी 10:36

ही तार कुठून येते तेही सांगून ठेवतो, बायपासवाल्यांना उपयोग होईल. ट्रकच्या रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांचे पट्टे असतात. टायर फुटला की रबराच्या चिंध्या रस्त्याकडेला पडतात, त्या तुम्ही बघितल्या असतील. त्यांतल्या तारा तुटून सुट्या होतात आणि वाहनांच्या वाऱ्यानं सरकत सरकत कडेच्या पट्ट्यात जमतात. म्हणजे नेमक्या तिथे, जिथून आपण जीव मुठीत धरून सायकल चालवतो. काचेचं आणि खडीचंही तेच. गाड्यांच्या चाकांची धाव जिथून जाते तो भाग झाडून घेतल्यासारखा स्वच्छ असतो. म्हणून वाहतूक बेताची असेल तेव्हा मी पांढऱ्या पट्टीच्या आत वीतभर चालवतो, बाहेर नाही. बायपासवर रोज हे जमेल असं म्हणत नाही. जीव आधी, ट्यूब नंतर.

पावसात हे दुप्पट होतं. एक तर पाणी सगळा कचरा वाहून कडेला आणतं. दुसरं म्हणजे ओलं रबर पटकन कापलं जातं. रबर कापताना ब्लेडला पाणी लावून बघा, कळेल.

आणि मागचंच चाक का, हाही प्रश्न होता. मागे वजन जास्त. शिवाय पुढचं चाक आडवी पडलेली तार उडवून उभी करतं आणि तोवर मागचं येऊन पोचतं, असं जुने लोक सांगतात. मला पटतं.

टणटण_घंटी | 6 ऑक्टोबर, दुपारी 1:15

बाकीच्या दोन पंक्चरांचं सांगा ना. आता चटक लागली.

दुकानातलं_पोर | 6 ऑक्टोबर, रात्री 8:50

रिमच्या अंगाचं भोक म्हणजे रस्त्याचा काही संबंध नाही. रिमच्या पोटात स्पोकच्या भोकांवर एक पट्टी असते. ती कडेला सरकली किंवा उन्हानं कडक होऊन तडकली की ट्यूब भोकाच्या धारेवर घासते. जुन्या एकेरी रिमच्या सायकलीत तर स्पोकची तार जास्त लांब असली तर निपलमधून (ती आवळायच्या नटातून) तिचं टोकच वर येतं. ते कानशीनं घासून सपाट करायचं. पट्टी नसेल तर आम्ही जुन्या ट्यूबची गोल पट्टी कापून घालायचो. तुम्ही मात्र नवी कापडी चिकटपट्टी घ्या, रिमच्या आतल्या रुंदीची. व्हॉल्व्हच्या भोकाची कड बोटानं बघा. तिथं धार असेल तर ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी कापली जाते, आणि तिथं ठिगळ लागत नाही.

शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं, टायर पार दबला आणि ट्यूब दोन्हीकडून रिमच्या कडांमध्ये चिमटली. टायर कितीही महागाचा घ्या, हवा नसली तर हे होणारच. हवा कधी भरता?

टणटण_घंटी | 6 ऑक्टोबर, रात्री 9:12

अंगठ्यानं दाबून बघतो. कमी वाटली की भरतो. महिन्यातून एकदा?

दुकानातलं_पोर | 6 ऑक्टोबर, रात्री 9:14

🙏

उष्मांक | 6 ऑक्टोबर, रात्री 9:40

अंगठ्याला 40 आणि 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) यांमधला फरक कळत नाही, खात्री नसेल तर घरी करून बघा. ट्यूब भोक नसतानाही हवा सोडतच असते, रबरातून झिरपून. ट्यूब जितकी बारीक तितकं ते लवकर जाणवतं. तीन हजारांतले पहिले हजार-बाराशे दाब दाखवणारा काटा असलेल्या उभ्या पंपावर घाला. 35 च्या टायरला साधारण पंचाहत्तर-ऐंशी किलोच्या माणसासाठी मागे 55 ते 60, पुढे 45 ते 50 पासून सुरुवात करा. टायरच्या कडेला कमाल आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. पण तो भरायचाच आकडा आहे असंही नाही. फार टणक टायर खडीवर उडतो आणि काचही त्यात सहज घुसते. सोमवारी सकाळी दूध तापेपर्यंत दोन्ही चाकं होतात.

चकली | 6 ऑक्टोबर, रात्री 10:05

माझे बाबा म्हणायचे, उन्हाळ्यात हवा कमीच भरायची, सायकल उन्हात राहिली की ट्यूब फुटते. ते खोटं का?

उष्मांक | 6 ऑक्टोबर, रात्री 10:30

हिशेब करू. सकाळी 25 अंशाला 60 पीएसआय भरले. काट्यावरचा आकडा वातावरणाच्या वरचा असतो, म्हणून त्यात 14.7 मिळवा, झाले 74.7. सायकल उन्हात तापून टायर 60 अंशाला गेला. केल्विनमध्ये 298 वरून 333. दाब त्याच प्रमाणात वाढून 83.5, म्हणजे काट्यावर 69. नऊ पीएसआयनं धड टायर फुटत नाही.

मग बाबांनी ऐकलेला तो धडाम आवाज? तो बहुधा आधीच कड फाटलेल्या टायरातून ट्यूब फुग्यासारखी बाहेर आल्याचा, किंवा टायर बसवताना ट्यूब कडेखाली अडकून राहिल्याचा. दुसरी गोष्ट, उन्हानं कच्चं चिकटलेलं ठिगळ सुटतं. म्हणजे बाबांनी बघितलं ते खरं, कारण दुसरं.

चकली | 6 ऑक्टोबर, रात्री 10:41

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "त्याला म्हणावं, आमच्या वेळी ऊन वेगळं होतं."

फळा_खडू | 8 ऑक्टोबर, सायंकाळी 6:25

धागा वाचतेय दोन दिवस. मी बीड जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. तुमच्याकडे तारा असतील, आमच्याकडे सराटे. आठवीपासूनच्या मुलींना मानव विकासच्या योजनेतून सायकली मिळतात. वाड्या-वस्त्यांवरून तीन-चार किलोमीटर येतात पोरी. पाऊस सरला की सायकली घरी आणि पोरी पायी. विचारलं की उत्तर एकच, "बाई, पंक्चर हाय." गावात पंक्चरचं दुकान नाही, असलं तरी घरचे म्हणतात बाजारच्या दिवशी बघू.

सराटा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: जमिनीलगत पसरणारा वेल, पिवळी पाच पाकळ्यांची फुलं. काही जण गोखरू म्हणतात. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येकाला दोन दणकट काटे. कसाही पडला तरी एक काटा आभाळाकडे. आत्ता ऑक्टोबरमध्ये बांधावर, पायवाटेवर, शाळेच्या मैदानात सगळीकडे वाळून पडलेत. एका चाकात मी अकरा मोजले.

महागाचे टायर आमच्या कामाचे नाहीत. पोरींना झेपेल असं काय करता येईल?

दुकानातलं_पोर | 8 ऑक्टोबर, रात्री 8:03

बाई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे.

पहिलं: शाळेत आल्यावर दोन्ही चाकं एकदा हातानं फिरवून बघायची. सराटा रुतला की लगेच ट्यूबपर्यंत जातोच असं नाही. पायवाटेवर लागतो, नंतर डांबरी रस्त्यावर चाक फिरेल तसा ठोकत ठोकत आत जातो. टायर चांगला जाड असेल तर शाळेच्या दारातच निम्मे निघतील. जो काटा ओढल्यावर फुस्स करतो त्याची जागा खडूनं धरून ठेवायची, शोधायला वेळ जात नाही.

दुसरं: टायर गुळगुळीत झाला असेल तर कशाचाच उपयोग नाही. नक्षी गेली म्हणजे काटा आणि ट्यूब यांच्यामध्ये राहिलं काय?

तिसरं: पंक्चर काढायला शिकवा. अवघड नाही. सोल्युशनची ट्यूब, जुन्या ट्यूबचे तुकडे, काचकागद, टायर उघडायच्या दोन पट्ट्या आणि पंप, एवढंच लागतं. सगळ्यांची चूक एकाच ठिकाणी होते. सोल्युशन लावलं की लगेच ठिगळ चिकटवतात. ते ओलं असताना धरत नाही. काचकागदानं घासून खडबडीत करायचं, भोकापेक्षा मोठ्या गोलात पातळ थर द्यायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. बोटाच्या पाठीला चिकटत नाही असं झालं की ठिगळ ठेवून जोरात दाबायचं. अण्णा त्या पाच मिनिटांत चहा घ्यायचे. चहा प्यायला शिकलो तो तिथंच.

फळा_खडू | 8 ऑक्टोबर, रात्री 8:40

हे जमेल. कार्यानुभवाच्या तासाला घेते. एक विचारायचं राहिलं: काही सायकलींत भोक सापडतच नाही. पाण्यात ट्यूब बुडवली तरी बुडबुडा नाही, आणि सकाळी चाक बसलेलं.

कालव्याकाठी | 9 ऑक्टोबर, दुपारी 2:18

बाई, हे मी सांगते, कारण मी इथे युट्रेख्टला त्यासाठी पैसे मोजून शिकले. व्हॉल्व्ह बघा. आपल्या साध्या सायकलींना डनलॉपचा जुना व्हॉल्व्ह असतो, आत पितळी पिन आणि तिच्यावर बारीक रबरी नळी. ती नळी उन्हानं कडक होते किंवा चिरते, मग हवा हळूहळू जाते. ट्यूब बुडवताना आपण व्हॉल्व्ह पाण्याबाहेरच धरतो, म्हणून बुडबुडा दिसत नाही. हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. फुगा आला तर नळी बदला, ठिगळ नको.

गंमत म्हणजे नेदरलँड्समध्येही साध्या शहरी सायकलींना हाच व्हॉल्व्ह. आल्यावर पहिल्यांदा पाहिला तेव्हा आजोळच्या सायकलीची आठवण झाली. आता इथे नळीऐवजी आत छोटी गोळी असलेल्या पिना मिळतात, पंप मारायला हलक्या जातात.

दुकानात मागच्या चाकाच्या पंक्चरचे माझ्याकडून वीस युरो घेतले, त्या दिवशी ठरवलं की स्वतः शिकायचं. साखळीवर पूर्ण झाकण असतं, त्यामुळे मागचं चाक काढणं म्हणजे शिक्षा. म्हणून इथले लोक चाक न काढताच एका बाजूनं टायर उघडतात, ट्यूब बाहेर ओढतात आणि ठिगळ लावतात. आपल्याकडचे काका करतात तसंच! सराटे नाहीत, पण थंडीत कुंपणाची काटेरी झुडपं छाटली की त्यांचे काटे सायकलच्या वाटेवर पडतात, आणि नवीन वर्षाच्या सकाळी बाटल्यांच्या काचा. शेवटी मी श्वाल्बेचे मॅरेथॉन प्लस टायर बसवले. आत पाच मिलीमीटर जाडीचा रबराचा थर आहे. जड आहेत, बसवताना अंगठे सोलून निघाले आणि नवऱ्याचे शब्दभांडार कळले. पण तीन हिवाळे काढलेत.

गडगा | 9 ऑक्टोबर, रात्री 9:55

कोकणातून सांगतो. आमच्याकडे वाटेला काटे म्हणजे करवंदीचे आणि कळकाचे, पावसाळ्याआधी वई (कुंपण) घालताना फांद्या ओढत नेतात तेव्हा पडणारे. आम्ही काय करतो, जुनी ट्यूब उभी चिरून टायर आणि ट्यूबच्या मध्ये अस्तर म्हणून घालतो. फुकटात काम.

पण एक अनुभव. पहिल्यांदा घातलं तेव्हा दोन टोकं एकावर एक आली, तिथे जाड कड राहिली. महिन्याभरात त्या कडेनंच ट्यूबला भोक पाडलं. काट्याला घाबरून अस्तर घातलं आणि अस्तरच टोचलं. आता टोकं तिरपी कापतो, काचकागदानं पातळ करतो आणि मध्ये शंखजिऱ्याची पावडर टाकतो. विकतच्या प्लास्टिकच्या पट्टीलाही हेच लागू. चाक जरा जड फिरतं हे खरं. आमच्या चढावर ते पोटऱ्यांना कळतं.

संत्रानगरी | 9 ऑक्टोबर, रात्री 10:20

जेलवाला परत आलाय. @दोनशे_किमी यांचं ऐकून मुलाच्या सायकलीची ट्यूब आज उघडली. आत हिरव्या पापड्या. दोन उन्हाळ्यांत सगळं वाळून गेलंय. म्हणजे दोन वर्षं ज्याला संरक्षण समजत होतो तो कचरा होता, मुलगा नशिबानं चालवत होता. 🙈

दोनशे_किमी | 10 ऑक्टोबर, सकाळी 6:50

मोठेपणा आहे तुमचा, असं कोणी कबूल करत नाही इथे. ट्यूबलेसचंही तेच. माझ्या ग्रॅव्हल सायकलीला ट्यूबलेस आहे. सराट्यांवरून जातो, काटा उपटतो, भोकातून दुधासारखा थेंब येतो, चाक फिरवलं की बंद. स्वर्ग! पण आतलं द्रव वाळतं. आपल्या हवेत मी दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघतो. शिवाय रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचे लागतात. तीन हजारांत होणार नाही, आणि ज्यांना महिन्यातून एकदा हवा भरायचा कंटाळा आहे त्यांनी तर नादी लागू नये. (नाव घेत नाही.)

गावठी_गिअर | 10 ऑक्टोबर, सकाळी 9:02

मग हवाच नको ना. भरीव टायर टाका. पुण्यात 2018 च्या सुमारास ॲपवाल्या भाड्याच्या सायकली आल्या होत्या, त्यांतल्या काहींना होते की.

दुकानातलं_पोर | 10 ऑक्टोबर, सकाळी 9:30

चालवली होती का? मी एकदा पेठेतल्या गल्लीतून चालवली. दाढेतलं सिमेंट हललं.

उष्मांक | 10 ऑक्टोबर, सकाळी 11:10

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट 1845 चं, स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनचं. ते विस्मरणात गेलं. मग 1887-88 च्या सुमारास बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकीसाठी पुन्हा तेच केलं. त्याआधी लोक भरीव रबरावरच चालवत होते. हवा मिळाल्यावर कोणी परत गेलं नाही.

दोनशे_किमी | 10 ऑक्टोबर, दुपारी 12:45

यात एक राहिलं. डनलॉपचे ते टायर रिमला चिकटवलेले असायचे. पंक्चर झालं की तीन तास खोला आणि रात्रभर वाळवा. फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी 1891 साली सुटा होणारा टायर काढला. त्याच वर्षी पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सायकल शर्यत झाली, जिच्या नावानं आम्ही रांदोनर, म्हणजे लांब पल्ल्याचे सायकलवाले, आजही रात्र रात्र जागतो. शार्ल तेरों ती त्याच टायरांवर साधारण 71 तासांत जिंकला, वाटेत पंक्चर काढत. पुढच्या वर्षी मिशेलिननं पॅरिस ते क्लेरमाँ शर्यत भरवली आणि आपला टायर किती चटकन दुरुस्त होतो हे दाखवायला रस्त्यावर स्वतःच खिळे टाकले.

चकली | 10 ऑक्टोबर, दुपारी 12:58

म्हणजे आपण ज्याचा संशय घाटातल्या प्रत्येक पंक्चरवाल्यावर घेतो ते खरोखर एका कंपनीनं केलं होतं? आणि जाहिरात म्हणून?

दोनशे_किमी | 10 ऑक्टोबर, दुपारी 1:04

उजळ माथ्यानं.

फळा_खडू | 29 ऑक्टोबर, सायंकाळी 7:12

सांगायला आले. दोन शनिवार घेतले. एकोणीस सायकली शाळेत ढकलत आणल्या होत्या. सात जणींच्या ट्यूबला काहीच झालं नव्हतं, नुसती व्हॉल्व्हची नळी गेलेली. थुंकी लावून बघायचं म्हटल्यावर आधी सगळ्या ईईई करून लाजल्या, मग सातवीतली पोरंही येऊन थुंकायला लागली, त्यांना हाकलावं लागलं. पाच मिनिटं थांबायचं काही कोणाला जमत नाही. एकीनं तोडगा काढला, सोल्युशन लावलं की तेराचा पाढा तीनदा म्हणायचा. पाच मिनिटं होत नाहीत, पण पाढा पाठ झाला.

चौदा सायकली चालत्या झाल्या. बाकीच्यांचे टायरच संपलेत.

दुकानातलं_पोर | 29 ऑक्टोबर, रात्री 8:30

बाई, त्या पाचांचे टायर कुठल्या मापाचे आहेत ते व्यनि (खाजगी निरोप) करा. कडेला आकडे असतात.

टणटण_घंटी | 21 नोव्हेंबर, रात्री 9:48

धागा वर आणतोय, अहवाल द्यायला. खर्च: पंप, रिमची कापडी पट्टी दोन्ही चाकांना, आणि सोल्युशनचा संच. दोन हजारांच्या आत. टायर तेच. दर सोमवारी हवा. ऑफिसला जाऊन-येऊन साडेआठशे किलोमीटर झाले, एकही पंक्चर नाही, असं लिहायला आज बसणारच होतो तर संध्याकाळी सूसजवळ मागचं चाक बसलं. पण या वेळी मजा आली. कडेला घेतलं, कापूस फिरवला, एका झटक्यात काचेचा तुकडा सापडला, पंचवीस मिनिटांत परत रस्त्यावर. एक माणूस थांबून विचारून गेला, मदत हवी का. मी म्हटलं, नको, वाळतंय.

दुकानातलं_पोर | 21 नोव्हेंबर, रात्री 10:05

शाब्बास. व्हॉल्व्हपासून किती लांब होतं?

टणटण_घंटी | 21 नोव्हेंबर, रात्री 10:07

ते नाही मोजलं हो. काच सापडली ना.

दुकानातलं_पोर | 21 नोव्हेंबर, रात्री 10:08

मोजा.